मेनू नसलेलं पान

बराच वेळ ती भलत्याच वेबसाइटबद्दल बोलत होती, आणि हे खोलीत कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. तिच्याही नाही. लांबट टेबलाभोवती डोळ्यांच्या हॉस्पिटलचे संचालक बसले होते, प्रत्येकापुढे न उघडलेली पाण्याची बाटली होती, आणि भिंतीवर प्रोजेक्टरच्या उजेडात एक कुटुंब हिरवळीवर बसून हसत होतं. त्यांच्या डोक्यावर डाव्या कोपऱ्यात लोगो, उजवीकडे मेनू, पायाशी निळं बटण आणि मधोमध ठळक अक्षरांत ‘तुमची काळजी हेच आमचं काम’. ती सवयीनं बोलत होती. हा निळा रंग विश्वासाचा, ही मोकळी जागा नजरेला विसावा म्हणून, हे बटण अंगठ्याला आपोआप सापडेल अशा ठिकाणी. संचालक माना डोलावत होते. एक जण तर म्हणाला, "हे अगदी आपलं वाटतंय." तेवढ्यात टेबलाखालून तिच्या पायावर बूट आपटला. शेजारी बसलेला प्रोग्रामर, ज्याला कोड लिहिताना गुणगुणायची खोड असल्यामुळे सगळं ऑफिस भुंगा म्हणायचं, भिंतीकडे बघत डोळे मोठे करत होता. तिनं वळून पाहिलं. कोपऱ्यातला लोगो हॉस्पिटलचा नव्हता, विमा कंपनीचा होता. सकाळी पॉलिसीवरचा पत्ता बदलायला तिनं ती साइट उघडली होती, आणि तीच आता भिंतीवर झळकत होती. वाक्य न तोडता तिनं टॅब बदलला. दुसरं कुटुंब आलं, दुसरी हिरवळ आली, बटण केसभर गडद झालं. माना तशाच डोलत राहिल्या. फक्त सगळ्यांत वयस्कर संचालक चष्मा पुसत म्हणाले, "आधीचं कुटुंब जरा जास्त आनंदात होतं, नाही का?" आणि साइट मंजूर झाली.

जिन्यात भुंगा कठड्याला धरून हसत होता. "ताई, डोळ्यांच्या डॉक्टरांना तुम्ही विमा दाखवलात! आणि त्यांना दिसला नाही!" तीही हसली, पोट धरून हसली, आणि मग एका पायरीवर तिचं हसू एकदम संपलं. त्यांना दिसला नाही हे एक वेळ समजू शकतं, त्यांना दिवसभर दुसरी कामं असतात. पण तिला का दिसला नाही? हॉस्पिटलची साइट तिनं स्वतः बनवली होती. त्या निळ्यापायी ती भुंग्याशी दोनदा भांडली होती. शाळेच्या फाटकाशी उभ्या असलेल्या आईनं दुसऱ्याच मुलाचा हात धरून चालायला लागावं, आणि मुलानंही मुकाट चालावं, तसं हे झालं होतं. जागेवर येऊन तिनं आपल्या जुन्या साइट एकामागून एक उघडल्या. टायरवाला, वकील, बेकरी, मुलींची शाळा, मार्बलचं दुकान. प्रत्येकीचा डावा कोपरा तिनं अंगठ्यानं झाकला आणि स्वतःलाच विचारलं, ही कुणाची? अंगठा उचलेपर्यंत तिला सांगता येईना. इतकी वर्षं लोक तिला म्हणत आले होते की तुमचं काम कसं स्वच्छ असतं, कुठे काही खटकत नाही. खटकत नाही ही गोष्ट तिनं कौतुक म्हणून घेतली होती. आता अंगठा तसाच काचेवर ठेवून तिला वाटत होतं की आपण जन्मभर एकच पान बनवलं आणि गावभर वाटत सुटलो.

तिच्या विभागाचा प्रमुख तिच्याहून बराच लहान होता, तरी सगळे त्याला दादा म्हणत. तो तिच्याच हाताखाली शिकला होता. माणसाला पानावर थांबवू नका, त्याला हवं ते वरच्या वर ठेवा, सर्चची चौकट नेहमी उजवीकडे, हे सगळे नियम तिनंच त्याच्याकडून घोकून घेतले होते. त्या दुपारी तो खुशीत तिच्या टेबलावर टेकला. "ताई, मस्त झालं म्हणे. आता एक सोपं काम. शहर बससेवेचं हरवलेल्या वस्तूंचं कार्यालय आहे, त्यांची साइट. हॉस्पिटलचाच साचा घ्या, रंग बदला, वर बसचा फोटो टाका." तिनं विचारलं, "आणि हसणारं कुटुंब?" तो म्हणाला, "त्यांना बसमध्ये बसवा." मग जरा घुटमळून, पेनचं टोपण काढघाल करत त्यानं खरं बोलायचं ते बोलून टाकलं. विभागाची नवी मांडणी होणार होती. साचे भरायचं काम आता मशीनच करायला लागलं होतं, बटण दाबलं की दहा नमुने बाहेर. नव्या डिझाइनच्या टेबलाशी थोडीच माणसं राहणार होती आणि बाकीची खालच्या मजल्यावर देखभालीत, म्हणजे लोकांच्या साइटवरचे फोन नंबर आणि सुट्ट्या बदलत बसायला. "तुमचं काम चोख आहे ताई, त्यात वादच नाही. पण चोख काम आता..." त्यानं वाक्य पुरं केलं नाही, मायेनंच केलं नाही, आणि त्याच्या मायेचाच तिला जास्त राग आला. राग येऊन उपयोग नव्हता. तिचं काम तिलाच ओळखू येत नव्हतं. मग मशीनचं नि तिचं वेगळं काढायचं कुणी आणि कशावरून?

हरवलेल्या वस्तूंचं कार्यालय बसडेपोच्या खाली तळघरात होतं. ओल्या रबराचा आणि जुन्या चामड्याचा वास, छतापर्यंत लोखंडी मांडण्या, आणि त्यांवर छत्र्या, छत्र्या, छत्र्या. त्याखेरीज हेल्मेटं, जेवणाचे डबे, एका पायाचा बूट, श्रवणयंत्रं, दातांची कवळी, फुटबॉल, व्हायोलिनचा नुसता गज, आणि भिंतीला टेकवून ठेवलेली एक कुबडी. काउंटरमागे एक जाडजूड, बोलक्या बाई होत्या. कुबडीकडे बोट दाखवून त्या म्हणाल्या, "मला हे कोडं सुटलेलं नाही बघा. कुबडी बसमध्ये विसरून तो माणूस उतरला कसा?" साइटवर कुणी काही शोधतं का असं तिनं विचारलं. "शोधतात की. तिथं सापडत नाही म्हणून तर इथं येतात." तिच्या समोरच एक शिक्षक आले. त्यांनी साइटवर सगळं नीट भरलं होतं : वस्तू पिशवी, रंग काळा, मार्ग अमुक. साइटनं त्यांना काळ्या पिशव्यांच्या रांगाच्या रांगा दाखवल्या होत्या आणि त्यांची त्यात नव्हती. बाईंनी त्यांना आत सोडलं. ते दोन मांडण्या ओलांडून गेले, थबकले, आणि लहान मुलासारखे मोठ्यानं "ही!" म्हणाले. पिशवी तपकिरी होती, चांगली उजळ तपकिरी. "काळीच होती हो," असं ते दोनदा म्हणाले. बाईंनी पिशवी लगेच दिली नाही. "समोरून तर मलाही दिसते. मागच्या बाजूला काय आहे ते सांगा." शिक्षकांनी क्षणभर डोळे मिटले. "मागचा कप्पा शाईनं डागलाय. हिरव्या शाईनं." डाग होता. पिशवी छातीशी धरून ते गेले. ती मात्र तिथेच मांडणीला हात लावून उभी राहिली. रोज खांद्याला असणाऱ्या पिशवीचा रंग माणसाला सांगता येत नाही, पण नजरेला पडली की तो तिला लांबून ओळखतो. आणि आपण जन्मभर माणसाला आधी रंग विचारत आलो.

हे कळलं म्हणून काही सुचलं असं नाही. ती कोरं पान उघडायची, हात आपोआप डावीकडे वर जाऊन लोगोची जागा आखायचा, ती पुसायची, हात मेनू आखायचा. तिला स्वतःच्याच हाताची धास्ती वाटायला लागली. हा हात आईनं घडवलेला होता. आईच्या घरी प्रत्येक डब्यावर चिठ्ठी होती, प्रत्येक खणाला नेमून दिलेलं काम होतं. सुई कुठे, तर तिसऱ्या खणात डाव्या हाताला. पाहुणे म्हणत, तुमच्या घरात आंधळ्यालाही वस्तू मिळेल, आणि आई त्यावर मान किंचित वाकवायची. शिस्तीचं ते घर तिला मनापासून आवडायचं, आजही आवडतं. पण तिथे एखादी वस्तू जागेवर नसली की ती जगातूनच गेली असं धरायचे. तिसऱ्या खणात नाही म्हणजे नाहीच. आई मग ओठ घट्ट मिटून दिवसभर कुणाशी बोलायची नाही, आणि हरवलेल्या कात्रीसाठी घरात सुतक पाळल्यासारखं व्हायचं. लहानपणीची ती भीती तिच्या साइटमध्ये उतरली असेल का? माणूस हरवू नये, क्षणभरही हरवू नये, त्याच्या पायाखालची वाट कधी संपू नये, म्हणून पानापानावर लावून ठेवलेले बाण, बटणं, पाट्या. ते सगळं तिनं माणसांच्या सोयीसाठी केलं असं ती समजत होती.

रविवारी दुपारी नवऱ्याची कपाटाची किल्ली हरवली. तो सगळे खिसे पुन्हा पुन्हा चाचपत घरभर फिरत होता आणि दर फेरीला जरा मोठ्यानं सुस्कारा टाकत होता, म्हणजे तिनं उठावं. ती उठली. काय करतोय याचा विचार न करता तिनं पलंगावरची चादर ओढून फरशीवर अंथरली, टीव्हीखालचा खण काढला आणि अख्खाच्या अख्खा चादरीवर पालथा केला. मग दुसरा खण. मग दाराजवळची परडी. "हा काय बाजार मांडलायस?" नवरा म्हणाला. "किल्ली शोधायची होती, घर विकायचं नव्हतं." ती खाली मांडी घालून बसली होती आणि ऐकत नव्हती. कारण चादरीचा तो विशिष्ट आवाज, वस्तू पडताना होतो तो, मऊ आणि खडखडाटी एकाच वेळी, तिच्या अंगातून गेला होता आणि समोर आत्या बसली होती. बाबांची थोरली बहीण, टेलिफोन एक्स्चेंजमध्ये नोकरीला, एकटी राहणारी, जिच्या घरी जाऊन आल्यावर आई तिला आधी आंघोळीला पिटाळायची. आत्याच्या घरात कात्री खिडकीला टांगलेली, कारण नखं ती तिथल्या उजेडात कापायची; साखरेची बरणी पुस्तकांच्या फळीवर, कारण वाचताना चहा लागायचा. आणि काही हरवलं की ती चादर अंथरायची, घरातलं सगळं सुटंसुटं त्यावर ओतायची, नि छोट्या भाचीला शेजारी बसवून सांगायची, "शोधू नकोस गं. नुसती बघत बस. ती कुठे जाते? येते बरोबर नजरेला." किती सुंदर दुपारी होत्या त्या. जे हवं ते कधी मिळायचं, कधी नाही, पण चादरीवरून उठावंसंच वाटायचं नाही. आत्या गेली तेव्हा तिचं घर आवरायला आई गेली होती. सगळं नीट लावून, चिठ्ठ्या चिकटवून मगच वाटून टाकलं. "सापडली!" नवरा चादरीवरून किल्ली उचलत ओरडला. "तुझी पद्धत भारी आहे." ती म्हणाली, "माझी नाही," आणि लॅपटॉप आणायला गेली.

पान उघडलं की त्यावर लोगो नव्हता. मेनू नव्हता, बटण नव्हतं, कुणी हसत नव्हतं. राखाडी रंगाचं एक कापड होतं, किंचित चुरगळलेलं, चारी दिशांना न संपणारं, आणि त्यावर तळघरातल्या सगळ्या वस्तू पसरल्या होत्या. प्रकार नाही, तारीख नाही, क्रम नाही. कवळीशेजारी फुटबॉल, फुटबॉलशेजारी व्हायोलिनचा गज. बोटानं कापड सरकवायचं आणि हवं तिकडे जायचं. दर वेळी पान उघडलं की वस्तू वेगळ्या जागी. एखाद्या वस्तूवर थांबलात की ती हळूच जवळ येणार, आणि तिच्याखाली एक ओळ दिसणार, काउंटरच्या बाईंच्या तोंडची : ‘छत्री. दांडा कुणीतरी चावलेला आहे, बहुतेक कुत्र्यानं.’ वस्तूची एकच बाजू दाखवायची. आणि ही माझीच असं वाटलं तर तिच्यावर बोट जरा वेळ दाबून धरायचं. मग पान एवढंच विचारणार, ‘हिची मागची बाजू सांगा.’ तिनं शिकवलेला एकही नियम धड राहिला नव्हता, आणि शाळा बुडवून नदीवर गेलेल्या पोरासारखा तिचा जीव वर-खाली होत होता.

भुंगा ते पाहून गुणगुणायचा थांबला. ही त्याची सर्वांत मोठी दाद होती. पण नंतर त्यानं विचारलं, "ज्यांना दिसत नाही त्यांचं काय, ताई? ते कुठे बोट फिरवणार?" तिनं कपाळाला हात लावला, खरोखरच हे तिच्या ध्यानात आलं नव्हतं. मग तिनं तळघरात जाऊन बाईंना मांडणीपुढे उभं केलं, फोनवर रेकॉर्डिंग सुरू केलं, आणि बाईंनी एकेक वस्तू हातात घेऊन, वजन सांगत, हातानं चाचपत, स्वतःच्या आवाजात तिचं वर्णन केलं. कापडावर बोट फिरलं की तो आवाज ऐकू येणार. दादानं मात्र डोकं धरलं. "ताई, सर्च नाही? लोक पळून जातील हो. तुम्हीच शिकवलंय मला." त्यानं हिशेब विभागातल्या काही जणांना बसवून पान दाखवलं. त्यातले बरेच गोंधळले, एकानं मोबाइल हलवून पाहिला, आणि एक बाई चक्क चिडल्या. "मला काय हवंय ते मला माहीत आहे ना? मग मी अशी भटकत का फिरू?" ते वाक्य तिला लागलं. बाई वेड्या नव्हत्या. जागेवर जाऊन तिनं मुकाट्यानं सर्चची चौकट टाकली, नेहमीच्या ठिकाणी, उजवीकडे वर, आणि तिच्यात ‘छत्री’ लिहिलं. कापड आक्रसलं. त्यावरचं सगळं नाहीसं झालं आणि काळ्या छत्र्यांच्या रांगा उभ्या राहिल्या, एकीसारखी दुसरी. ती बराच वेळ त्यांच्याकडे बघत राहिली. मग चौकट काढून टाकली आणि उठून दादाकडे गेली. "सर्च टाकायचा असेल तर दुसऱ्या कुणाकडून टाकून घे. मग ती माझी साइट नाही." दादानं हातातलं पेन खाली ठेवलं. "आणि पडली तर? तुमच्या बाजूनं बोलायला मला जागा राहणार नाही, ताई. वरचे लोक आता याच्यावरूनच ठरवणार आहेत." ती म्हणाली, "माहीत आहे. पडली तर मी खाली जाते. सुट्ट्या बदलत बसते लोकांच्या." बोलून झाल्यावर ती खुर्चीवर बसली आणि उगाचच त्याच्या टेबलावरचं कॅलेंडर सरळ करत राहिली.

बससेवेचे अधीक्षक वाळलेल्या लाकडासारखे होते. त्यांनी पान पाहिलं, बोटानं एकदा सरकवलं, पुन्हा सरकवलं. दादा बाजूला घाम पुसत होता. "सध्याच्या साइटबद्दल रोज तक्रार येते की वस्तू सापडत नाही," अधीक्षक म्हणाले. "या साइटबद्दल येईल की शोधता येत नाही. आम्हाला काय फरक पडतो? लावा." आणि मग, ते उठून जातील असं वाटत असताना, त्यांनी कापड आणखी थोडं सरकवलं. "हा गज इथं कधीपासून पडून आहे?" असं स्वतःशीच पुटपुटत ते बराच वेळ तसेच बसून राहिले.

साइट सोमवारी सकाळी सुरू झाली. बससेवेनं थांब्यांवर पत्ता लावला होता. लोक येत होते. भुंग्याच्या स्क्रीनवर ते ठिपक्यांसारखे दिसत. येत होते आणि जात नव्हते. कापडावर फिरत होते, थांबत होते, पुन्हा फिरत होते. पण बोट दाबून कुणी धरत नव्हतं. मागची बाजू कुणीच सांगत नव्हतं. "बघायला आलेत नुसते," दादा म्हणाला, आणि त्याच्या आवाजात कुत्सितपणा नव्हता, सांत्वन होतं, ते तिला अधिकच झोंबलं. तिचा जीव टांगणीला लागला होता. ती स्वच्छतागृहात जाऊन तोंडावर पाणी मारून आली, खिडकीशी उभी राहिली. खाली रस्त्यावर बस थांबली, माणसं उतरली, चढली, त्यांतल्या प्रत्येकाच्या हातात काही ना काही होतं, आणि तिला एकाएकी फार थकवा आला. वय झालंय आपलं. आत्याच्या चादरीवर एक मूल बसलं होतं आणि त्याला दुपारभर दुसरं काम नव्हतं, म्हणून ते सुखात होतं. एवढ्याशा आठवणीवर आपण एका शहराचं कार्यालय उभं केलं. लोकांना कामं असतात. लोक काय मांडी घालून बसणार आहेत? तिला ती चिडलेली बाई आठवली, तिचं बरोबरच होतं असं वाटलं, आणि ते वाटताना एक विचित्र हलकेपणाही वाटला, हरल्यावर येतो तो. देखभालीत निदान वेळेवर घरी जाता येतं.

तेवढ्यात तिचा फोन वाजला. तळघरातल्या बाई. त्या इतक्या मोठ्यानं बोलत होत्या की भुंग्यालाही ऐकू जात होतं. "अहो, काय करून ठेवलंत हे! इथे काउंटरला रांग लागलीय. साइटवर काही दाबत नाहीत, सरळ इथेच येतात नाहीतर फोन करतात. आणि स्वतःच्या वस्तू नाही हो सांगत! दुसऱ्यांच्या सांगतायत!" तिला काही कळेना. "दुसऱ्यांच्या म्हणजे?" "म्हणजे काय, एक जण आला, म्हणाला, तो स्टीलचा डबा आमच्या शेजारच्या काकूंचा आहे, झाकणाच्या आत त्यांच्या मुलाचं नाव कोरलंय. काकूंना ठाऊकच नाही तो बसमध्ये राहिला ते, त्या घर उलटंपालटं करतायत. न्हाव्यानं गिऱ्हाइकाची काठी ओळखली. दोन मुली आल्या, मैत्रिणीचं श्रवणयंत्र म्हणे, ती घरी सांगायला घाबरतेय. सगळ्यांना मागची बाजू ठाऊक, माझी पंचाईत! आणि ऐका, ऐका. ती कुबडी! एका बाईचा फोन आला. म्हणते, ती बाबांची आहे पण त्यांना कळवू नका, त्यांनी ती मुद्दाम बसमध्ये सोडलीय, आता चालायला लागलेत ते!" बाई हसत होत्या, हसता हसता रडतही होत्या की काय कोण जाणे, आणि मागे तळघरात माणसांचा गलबला ऐकू येत होता.

ती जिना उतरून, रस्ता ओलांडून, बस पकडून तळघरात पोहोचली तेव्हा रांग दारापर्यंत आली होती. कुणी तिला ओळखलं नाही, तिनं ओळख सांगितली नाही. भिंतीला पाठ लावून ती उभी राहिली. पुढे एक म्हातारे गृहस्थ मोबाइलवर कापड सरकवत मागच्या अनोळखी बाईला दाखवत होते, "हा फुटबॉल बघा, आमच्या गल्लीतल्या पोरांचा असणार, शिवण बघा ना." आणि त्या बाई त्यांच्या खांद्यावरून वाकून बघत होत्या. तेव्हा तिच्या डोक्यात ते लख्ख झालं. सर्चच्या चौकटीत माणूस फक्त स्वतःचं लिहितो. शेजारणीचा डबा शोधायला कोण बसणार आहे, तो हरवलाय हेच त्याला माहीत नसताना? पण पसरलेल्या कापडावर नजर फिरते, आणि नजरेला आपलं-परकं कळत नाही, तिला फक्त ओळखीचं कळतं. हे तिनं योजलं नव्हतं. आत्यानंही सांगितलं नव्हतं. तिनं फक्त वाटेतली पाटी काढून टाकली होती, आणि लोक भलतीकडे, एकमेकांच्या घरी जाऊन पोहोचले होते. तिला इतका आनंद झाला की तो कुठे ठेवावा कळेना. छातीत मावेना. ओल्या रबराच्या त्या वासात, लोखंडी मांडणीला टेकून, पन्नाशीला आलेली ती बाई तोंडावर हात दाबून हसत राहिली. जिंकले, ती मनात म्हणाली, अगदी उघडपणे, लाज न बाळगता. मी जिंकले. जगातली दुसरी कुठलीही साइट आता हिच्याशेजारी आणून ठेवा, लोगो झाका, अंधारात दाखवा, ही माझी आहे हे मी सांगेन.

आठवडा सरेपर्यंत मांडण्यांवर मोकळ्या जागा दिसायला लागल्या. अधीक्षकांनी स्वतः फोन करून, खाकरत, ‘समाधानकारक’ हा शब्द वापरला. हिशेब विभागातल्या त्या चिडलेल्या बाई जेवणाच्या सुट्टीत पान उघडून बसलेल्या सापडल्या. "काही हरवलं नाही माझं," त्या घाईघाईनं म्हणाल्या, "नुसतीच बघतेय." दादा मात्र एका सकाळी अक्षरशः नाचत तिच्या टेबलाशी आला. वरच्या लोकांनी विभागाच्या नव्या मांडणीत तिचं नाव सर्वांत आधी लिहिलं होतं. ते सांगून तो थांबलाच नाही. "आणि ताई, ऐका. लागोपाठ फोन आलेत. एक नर्सरी आहे रोपांची, एक वाद्यांचं दुकान, एक वृद्धाश्रम. तिघांनाही हेच हवंय. हुबेहूब हेच. कापड तेच ठेवू, वस्तू बदलू, मेनू नाही, सर्च नाही. साचा तयारच आहे आपल्याकडे. भुंग्याला सांगा, आठवड्याला एक निघेल!" तो तिच्याकडे इतक्या कौतुकानं पाहत होता की क्षणभर तिला त्याची दया आली. तिनं लॅपटॉप मिटला, पर्स खांद्याला लावली.

"नाही," ती म्हणाली.

"नाही म्हणजे? अहो, सगळे हेच मागतायत!"

"मागू देत. वृद्धाश्रमात आधी जाऊन बसते. दोन-चार दुपारी बसते. तिथली माणसं दिवसभर कशाकडे बघतात ते बघते. मग सांगते काय बनवायचं ते. कदाचित मेनू लागेलही."

दादा तिच्या मागे दोन पावलं आला. "आणि त्यांना आत्ता काय कळवू मी? त्यांना नमुना हवाय."

ती दारापर्यंत पोहोचली होती. "कळव, नमुना नाही म्हणावं," ती म्हणाली. "बाई स्वतःच येतायत."